डिसोझा, नेव्हिल
(१९३२–१९८०). विख्यात भारतीय फुटबॉलपटू. मुंबईच्या मैदानांवर आघाडीचे खेळाडू म्हणून नावारूपास आले. मेलबर्न ऑलिंपिक सामन्यांत (१९५६) भारताने यजमान ऑस्ट्रेलियावर ४–२ असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपांत्य सामन्यात यूगोस्लाव्हियाने भारतास ४–१ असे हरविले. भारताचा एकमेव गोल त्यांचाच होता. एकूण चार गोल करून ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. भारतास चौथा क्रमांक लाभला. तथापि त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकल्याने फुटबॉलमधील हे यश झाकोळले. पुढे कलकत्त्यात खेळणारे पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी यांना आशियाई विजेतेपदामुळे (१९६२) देशव्यापी कीर्ती लाभली. डिसोझा यांचे नाव मात्र मुख्यत्वे क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांपुरतेच राहिले.