हजाराचा पट्टा, हजारोंचा फटका!

अकोला (प्रतिनिधी) - वऱ्हाडचा उन्हाळा माणसांप्रमाणेच मोटारींचीही परीक्षा पाहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की अकोला-अमरावती महामार्गावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी दिसणे नवे नाही. अशा खोळंब्याचे एक कारण म्हणजे इंजिनाच्या बाजूला फिरणारा रबरी पट्टा, अर्थात 'सर्पेंटाइन बेल्ट' तुटणे.

गॅरेजमध्ये याला आजही 'फॅन बेल्ट' म्हणतात. अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनीच्या काळात रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर चालत असे. आता बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो. नाव मात्र टिकून आहे. हा एकच लांब पट्टा अनेक पुलींना वळसे घेत अल्टरनेटर व एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही मोटारींत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही त्यावरच अवलंबून असतो.

पट्टा तुटताच बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी बंद पडतो. पाण्याचा पंप त्यावर चालत असल्यास काही मिनिटांतच इंजिन तापते. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणून गाडी तशीच दामटल्यास हेड गॅस्केट जळण्याचा, हेड वाकण्याचा धोका असतो. मग हजारभर रुपयांचे काम कित्येक हजारांवर जाते. नेहमीच्या मोटार विम्यात झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असल्याने हा भुर्दंड मालकालाच सोसावा लागतो.

बिलात काय असते?

खर्चाचे तीन भाग पडतात : पट्टा, मजुरी आणि गरज असल्यास टेन्शनर किंवा आयडलर पुली. उदाहरणार्थ, पट्ट्याची छापील किंमत ८०० रुपये व मजुरी ५०० रुपये धरली, तर मजुरीवरील १८ टक्के वस्तू व सेवा करासह बिल १३९० रुपये होईल. छापील कमाल किमतीत कर समाविष्ट असतो. त्यावर पुन्हा कर लावल्यास ग्राहकाने हरकत घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

टेन्शनर बदलावा लागल्यास रक्कम दुपटीहून अधिक होऊ शकते. मात्र तो खरोखर खराब आहे का, हे पट्टा काढल्यावर पुली हाताने फिरवून समजते. पुली अडखळत असेल, खरखर करीत असेल, तर तेथे काटकसर करू नये. अन्यथा नवा पट्टाही लवकर झिजतो. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट गळत असल्यास आधी गळती थांबवणे आवश्यक आहे.

बदलायचा केव्हा?

गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना येणारा चीं-चीं आवाज ही पहिली सूचना होय. जुन्या निओप्रीन पट्ट्यांना भेगा पडत. अलीकडचे ईपीडीएम रबराचे पट्टे भेगा न पडताही झिजतात. म्हणून केवळ 'दिसतो चांगला' यावर विसंबू नये. किती किलोमीटरनंतर तो बदलावा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

खरेदी करताना जुन्या पट्ट्यावरील क्रमांक जुळवावा. '६पीके' याचा अर्थ सहा धारांचा पट्टा. त्यापुढील आकडा मिलिमीटरमधील लांबी दाखवतो. टायमिंग बेल्ट हा इंजिनाच्या आतील वेळ जुळवणारा निराळा पट्टा असून त्याचे काम बरेच महाग पडते. त्यामुळे अंदाजपत्रक घेताना नेमका कोणता पट्टा, हे लिहून घ्यावे.

महामार्गावर पट्टा तुटलाच, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. त्यापेक्षा होळीनंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये पट्टा व पुली तपासून घेणे केव्हाही स्वस्त!