मुंबई-पुण्यात दोन दिवस फिरायचंय? मेट्रो कार्ड घेण्याआधी हे वाचा

वाशिम : कुणाचा मुलगा हिंजवडीत नोकरीला, कुणाची बहीण ठाण्यात दिलेली, कुणाला नुसतीच लेकरांना मुंबई दाखवायची असते. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कारंजा, रिसोड, मंगरुळपीरकडची मंडळी रात्रीच्या गाडीने निघतात. तिथपर्यंतचे तिकीट सगळ्यांना कळते. गोंधळ सुरू होतो तो शहरात उतरल्यावर. लोकलचे तिकीट वेगळे, मेट्रोचे वेगळे, बसचे वेगळे. त्यात मेट्रो स्थानकावर कार्डाची विचारणा झाली की आपल्याला वाटते, घेऊन टाकावे, सारखी रांग नको.

दोन-तीन दिवसांसाठी गेला असाल, तर बहुतेक वेळा हे कार्ड घेण्याची गरज नसते.

अर्धे तिकीट कुठपर्यंत?

आधी एसटीचे बघू. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मात्र १७ मार्च २०२३ पासून सुरू असलेली महिलांची ५० टक्के सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास कायम आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट लागते. ही सवलत एसटी महामंडळाची आहे. मुंबईत बेस्टच्या किंवा पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये चढून ‘आम्हाला अर्धे’ म्हणून चालत नाही, तिथे वाहक पूर्ण तिकीट फाडतो. घरातल्या आजींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भर गर्दीत वाद होतो.

कार्डात पैसे, तरी गेट बंद?

मेट्रोत मिळणारे कार्ड बहुतेक ठिकाणी ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ या प्रकारातले असते. मार्च २०१९ मध्ये देशभरासाठी ही योजना सुरू झाली. ‘एक देश, एक कार्ड’ अशी तिची जाहिरात झाली. अनेक बँकांच्या रुपे डेबिट कार्डातही ही सोय असते, त्यामुळे तुमच्या खिशात ते आधीच असू शकते.

तरीही ते गेटला लावल्यावर लाल दिवा लागतो. कारण या कार्डाच्या चिपमध्ये एक वेगळा छोटा गल्ला असतो. गेट फक्त तो गल्ला वाचते, बँकेला विचारत बसत नाही. म्हणूनच रेंज नसली तरी ते क्षणात उघडते. पण खात्यात वीस हजार असले आणि गल्ला रिकामा असला, तर उपयोग शून्य. मोबाइलवरून पैसे भरले तरी ते स्थानकावरच्या यंत्रातून किंवा खिडकीवर चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. डेबिट कार्डातल्या या गल्ल्यात जास्तीत जास्त दोन हजार रुपये राहतात. तो खर्च करायला पिन लागत नाही. कार्ड हरवले, तर ज्याला सापडेल तो त्यावर मजेत फिरू शकतो.

खरा तोटा पुढे आहे. फक्त प्रवासासाठीची प्रीपेड कार्डे केवायसीशिवाय देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली. त्यात तीन हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते. मात्र उरलेले पैसे रोख परत मिळत नाहीत, दुसऱ्या खात्यातही वळवता येत नाहीत. रोज मेट्रोने कामावर जाणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. सोमवारी सकाळी वाशिमला परतणाऱ्याचे पैसे मात्र अडकतात. मी स्वतः एका शहरात पाचशे भरले आणि दोन दिवसांत जेमतेम दीडशे वापरले. उरलेले साडेतीनशे रुपये टेबलाच्या खणात पडून आहेत. इंजिनिअरिंग करून हा हिशेब आधी सुचला नाही, हे घरी अजून ऐकवले जाते.

मग पैसे भरायचे कसे?

मेट्रोत मोबाइलवरचे क्यूआर तिकीट पुरते. मुंबईची आरे ते कफ परेड ही भूमिगत मेट्रो १० ते ७० रुपयांत नेते. तिथे खाली उतरण्याआधीच तिकीट काढून ठेवा, भूमिगत स्थानकात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. बाहेर पडतानाही तोच क्यूआर दाखवावा लागतो, म्हणून फोनची बॅटरी सांभाळा. चौघे असाल तर चार क्यूआर लागतात.

लोकलचे प्रकरण निराळे. तिथे मेट्रोसारखे गेट नाही, मेट्रोचे कार्डही चालत नाही. तिकीट ‘रेलवन’ अ‍ॅपवर निघते, पण स्थानकात शिरण्याआधी काढावे लागते. आत गेल्यावर खिडकी किंवा तिकीट यंत्र गाठा. तपासनिसाला तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवायचे, स्क्रीनशॉट चालत नाही. सेकंड क्लासच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये किंवा एसी लोकलमध्ये चढलात तर दंड भरावा लागतो. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये जातात. दिवसभर लोकलनेच हिंडणार असाल, तर खिडकीवर एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मागा. ते असते हे मुंबईकरांनाही फारसे माहीत नाही!

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अ‍ॅपमध्ये लोकल, मेट्रो, बेस्टसह ११ सेवा एकत्र आणल्या आहेत. घरूनच डाउनलोड करून नोंदणी करा, फलाटावर ओटीपीची वाट बघत उभे राहू नका.

बसच्या दिवसभराच्या पासचा हिशेब साधा आहे. बेस्टचा पास ७५ रुपयांना, एसी बसचे किमान भाडे १२. जवळजवळच्याच फेऱ्या असतील तर सातव्या फेरीला पास वसूल होतो, लांबच्या असतील तर त्याआधीच. पुण्यात पीएमपीचा शहरातला पास ७० रुपयांना आहे. वीस-वीस रुपयांच्या तीन फेऱ्याच करायच्या असतील तर सुटी तिकिटेच स्वस्त, चौथी झाली की पास. पुणे मेट्रोचे भाडे १० ते ३५ रुपयांत आहे.

दहा-वीसच्या नोटा मात्र खिशात हव्याच. एसटी आणि पीएमपीत यूपीआय चालते, पण गर्दीच्या बसमध्ये पैसे कापले गेले आणि वाहकाच्या यंत्रावर दिसले नाहीत, तर थांबायला कुणालाच वेळ नसतो. बँकेचा सर्व्हर रुसण्याची भीती असेल, तर निघण्याआधी यूपीआय लाइटमध्ये दोन-तीनशे टाकून ठेवा. कार्डासारखे नाही, यातले उरलेले पैसे पुन्हा खात्यात घेता येतात.

आणि कार्ड घेऊन बसलाच असाल, तर परत येताना ते पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला देऊन या.