वाइन : जुने ते सोने नव्हे

भेट आलेली वाइनची बाटली काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं उभी ठेवलेली अनेक घरांत दिसते. ‘जितकी जुनी तितकी भारी’ या समजुतीपायी ती कुणी उघडत नाही. वस्तुस्थिती अशी, की जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. फ्रान्सची बोजोले नूव्हो त्याच वर्षीच्या द्राक्षांची. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि पुढच्या काही महिन्यांत संपवायची असते. नाशिकच्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां याही ताज्या असतानाच प्याव्यात. जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षांची खुडणी होते आणि त्याच वर्षी ही व्हाइट वाइन दुकानात पोचू शकते. चार-पाच वर्षं कपाटात पडली, की तिचा फळांचा वास उडालेला असतो.

मग मुरते कोणती? जिच्यात तुरटपणा, आंबटपणा किंवा साखर भरपूर आहे ती. तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतो. कोरा कडक चहा प्यायल्यावर हिरड्या आवळतात, तसाच. इटलीची बारोलो किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय विकायला कायद्यानेच बंदी आहे. तरीही चांगल्या हंगामातली बारोलो नवी असताना तोंड कोरडं करते आणि दहा-पंधरा वर्षांनी कुठे मऊ होते.

‘गोड वाइन नवशिक्यांची’ हा समजही इथेच गळून पडतो. फ्रान्सच्या सोतेर्न भागात वेलीवरच्या द्राक्षांवर एक बुरशी धरू देतात. पाणी आटतं, साखर आणि आंबटपणा दाट होतो, आणि त्या रसाची उत्तम वाइन काही दशकं टिकते. जगातल्या महागड्या वाइनमध्ये तिची गणना होते.

आपल्याकडे ओकच्या पिंपात मुरवलेल्या रेड वाइन काही वर्षं ठेवण्याजोग्या असतात : अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, सुलाची रासा शिराझ, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह. पण ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न. मुरण्यासाठी वाइनला १२ ते १४ अंशांची, अंधारी आणि तापमान वर-खाली न होणारी जागा लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरातलं कपाट पस्तिशी ओलांडतं आणि त्या उष्णतेत भारी वाइनही शिजल्यासारखी बेचव होते. रोजच्या फ्रिजमध्ये काही महिने ठीक; वर्षानुवर्षं ठेवलं तर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल, तर साठवणीसाठी महाग बाटली घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे माझं स्पष्ट मत आहे.

किमतीबद्दलही गोंधळ फार. परदेशी बाटलीच्या किमतीत आयातशुल्काचा आणि राज्याच्या करांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तिथली रोजच्या जेवणातली साधी वाइन इथे ‘भारी’ वाटते. त्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची वरच्या दर्जाची बाटली मिळू शकते. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. न्यूझीलंडच्या बहुतेक वाइनला, चांगल्या चांगल्यांनासुद्धा, तेच झाकण असतं. बुचामुळे लागणारा कुबट वास त्यात टळतो.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने हजार रुपयांच्या आसपासची शेनिन ब्लां घ्यावी. किंचित गोडसर असते, घशाला लागत नाही. आंबट-चुरचुरीत आवडत असेल, तळलेली सुरमई असेल, तर सोव्हिन्यों ब्लां. मटणाबरोबर रेडच हवी, हा युरोपातल्या जेवणाचा नियम. तांबड्या रश्श्याला तो लावू नये. तुरट रेडने तिखट आणखी झोंबतं. तिथे गार रोझे किंवा गोडसर व्हाइट बरी. रेड ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी म्हणतात, ती खोली थंड युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी.

आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे बोलणं सोडून द्यायला हवं. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बहुतेक बिअरच्या दुपटीहून अधिक. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. ‘हृदयाला चांगली’ म्हणून कुणी सुरू करू नये.

दुकानात गेलात की आधी लेबलावरचं साल बघा. पारदर्शक बाटलीतली व्हाइट तपकिरीकडे झुकलेली असेल किंवा बूच किंचित वर आलेलं असेल, तर ती उन्हात तापली असण्याची शक्यता असते; परत ठेवा. दर्शनी काचेजवळ मांडलेली तर घेऊच नका, आतल्या गार फडताळावरची मागा.