पॅसिव्ह व्हॉइसची भीती कशाला?

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. पॅसिव्ह व्हॉइसचे नाव काढले की मुले माना खाली घालतात. गाइडमधले नियम पाठ असतात, पण पेपरात गोंधळ होतो. त्याचे एक कारण आपल्या मराठीतच आहे.

‘बाबासाहेबांनी ग्रंथ लिहिला’ हे वाक्य घ्या. ‘ग्रंथ’च्या जागी ‘पुस्तक’ ठेवले तर ‘लिहिले’ होते. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. मुले लगेच त्याचे इंग्रजी पॅसिव्हमध्ये करतात. पण इंग्रजीत हे वाक्य सरळ ॲक्टिव्ह आहे: ‘बाबासाहेब रोट अ बुक.’

पॅसिव्ह करताना कर्म पुढे आणावे. त्यानंतर काळाप्रमाणे इज, वॉज, हॅज बीन किंवा विल बी, आणि मग क्रियापदाचे तिसरे रूप: ‘अ बुक वॉज रिटन बाय बाबासाहेब.’ येथे रोट नव्हे, रिटन. म्हणून तिसरी रूपे पाठ हवीतच. गो, कम, डाय यांना कर्म नसते, त्यामुळे त्यांचा पॅसिव्ह होत नाही. ‘ही वॉज डाइड’ लिहिले की गुण गेले!

आता हा प्रयोग वापरायचा कधी? कर्ता ठाऊक नसेल किंवा त्याच्यापेक्षा घडलेली गोष्ट मोठी असेल तेव्हा. आपले संविधानच पाहा. उद्देशिकेत कर्ता अगदी आरंभी येतो: ‘वुई’, म्हणजे आपण सर्व लोक. कलम १७ मात्र पॅसिव्हमध्ये आहे. अस्पृश्यता ‘इज अबॉलिश्ड’, तिचे आचरण ‘इज फॉरबिडन’. कोणी नष्ट केली हे तेथे सांगायचे नाही. ती नष्ट झाली आहे आणि कोणालाही पाळता येणार नाही, हे सांगायचे आहे.

पण हाच प्रयोग कर्त्याला लपवतोही. ‘वस्तीचे पाणी तोडण्यात आले’, ‘तरुणास मारहाण झाली’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो. तोडले कोणी? मारले कोणी? वाक्य गप्प! १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार देताना असे गप्प वाक्य चालत नाही. करणारा ठाऊक असेल तर त्याचे नाव आधी लिहा आणि त्याने काय केले ते पुढे लिहा. तक्रार मराठीत असो वा इंग्रजीत, तेथे ॲक्टिव्हच हवा.

पालकांनो, आज रात्री जेवणे झाली की मुलांना वर्तमानपत्रातली पाच वाक्ये वाचायला सांगा. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे केले कोणी? उत्तर वाक्यात नसेल तर ते का नसावे, यावर घरात बोला. त्यासाठी तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. व्याकरण परीक्षेपुरते असते असे समजू नका. ते हक्क मागण्याचेही साधन आहे.

जय भीम!