सामाईक ज्ञानसंपदा
सर्वांना मुक्तपणे वापरता येणारे, भर घालून पुढे देता येणारे आणि कोणाही एकाच्या मालकीचे नसलेले ज्ञान. गायरान किंवा गावतळे यांप्रमाणे ज्ञान ही समाजाची सामाईक मत्ता होय, अशी यामागील कल्पना आहे. भेद इतकाच, की गायरान अतिचराईने उजाड होते. ज्ञान वापराने झिजत नाही. त्याला भय असते ते कुंपणाचे.

रोमन विधीत हवा, वाहते पाणी व समुद्र या सर्वांच्या सामाईक वस्तू मानल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक अभिसंधीने (१९८२) राष्ट्रीय अधिकारक्षेत्रापलीकडील सागरतळ हा ‘मानवजातीचा सामाईक वारसा’ ठरविला. मुक्त ज्ञानाला मात्र असा दर्जा देणारा जागतिक करार नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यात मानवी जनुकसंचाला मानवजातीचा वारसा म्हटले आहे, पण ‘प्रतीकात्मक अर्थाने’. उलट, बर्न अभिसंधीनुसार साहित्यकृतीला नोंदणीवाचूनच प्रताधिकार प्राप्त होतो. विधीला मालक ओळखता येतो. सामाईकपण त्याच्या लेखी मालकी संपल्यावर उरणारी मोकळी जागा होय.

या उणिवेवरील एक उपाय मालकी हक्कातूनच निघाला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘जनरल पब्लिक लायसेन्स’ (१९८९) या परवान्याने संगणकाचे सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा दिली. परंतु सुधारलेली आवृत्ती वाटावयाची झाल्यास तीही त्याच अटींवर द्यावी लागते. फुकट दिलेल्या वस्तूवरील अटी न्यायालय मानील काय, हा प्रश्न अमेरिकेत छोट्या प्रतिकृती-आगगाड्या चालविणाऱ्या सॉफ्टवेअरवरून निघाला. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात (२००८) फेडरल सर्किट अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा प्रताधिकारभंग ठरू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचे हितसंबंध संपत नाहीत. भारतात प्रताधिकार अधिनियमाच्या (१९५७) कलम २१ अन्वये लेखकाला आपले हक्क सोडता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जाहीर सूचनाही पुरते.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानाला परवाना देणारा लेखकच नसतो. जखमेवर हळद वापरण्याबाबत १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. कापल्या बोटावर हळद दाबणाऱ्या कोणत्याही आजीला यात नवे काही नव्हते; पण त्या वेळच्या अमेरिकन विधीत परदेशातील रूढ वापर हा पुरावा ठरत नसे, छापील मजकूर लागे. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध इ. पद्धतींतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत नोंदविले आहेत. हा संग्रह मात्र दीर्घकाळ करारबद्ध एकस्व कार्यालयांपुरताच खुला होता. तो अधिक व्यापकपणे खुला करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. सामाईक ज्ञान राखण्यासाठी त्याचेच दार बंद ठेवावे लागावे, हा विसंवाद लक्षणीय आहे.

जिनीव्हा येथे २०२४ मध्ये स्वीकृत झालेल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात, एकस्वासाठी अर्ज करणाराने जननिक साधनांचा मूळ देश व संबंधित पारंपरिक ज्ञान पुरविणारा समाज उघड करावा, अशी तरतूद आहे. त्यात मान्यता आहे ती ज्ञानाच्या उगमाला. त्याच्या सामाईकपणाला नव्हे.