हप्त्याच्या पोटातलं गणित

कर्ज मंजूर झालं की बँकेत परतफेडीचा एक तक्ता तयार होतो. महिना, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि उरलेली बाकी असे पाच रकाने, आणि दहा वर्षांच्या कर्जाला १२० ओळी. हा कागद सहसा कुणी मागत नाही आणि मिळाला तरी वाचत नाही. पण डोक्यावर कर्ज आणि हातात बेभरवशाची नोकरी असलेल्या पंचविशीतल्या माणसाने वाचावं असं याहून चमत्कारिक काही क्वचितच सापडेल.

गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यातली एक मुलगी समजा. घरी थोडं धान, ती नागपूरला इंजिनिअरिंगला. चार वर्षं दरवर्षी एक लाख, दर १० टक्के. शैक्षणिक कर्जाला शिक्षण चालू असताना आणि साधारण पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. ते या काळात सरळव्याजाने लागतं, चक्रवाढ नाही, एवढीच सवलत. तरी पहिल्या वर्षीचा लाख पाच वर्षं बसून ५० हजार व्याज जमवतो, दुसरा ४०, तिसरा ३०, चौथा २० हजार. पहिला हप्ता येतो तेव्हा ‘चार लाखांचं कर्ज’ ५ लाख ४० हजारांचं झालेलं असतं.

आता तक्त्याची पहिली ओळ. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता ७,१३६ रुपये. त्यातले ४,५०० व्याजात जातात, मुद्दलातून सुटतात फक्त २,६३६. निम्मं मुद्दल फिटायला पाच वर्षं लागतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पंच्याहत्तरावा महिना उजाडतो. शेवटी भरलेली रक्कम होते सुमारे ८ लाख ५६ हजार.

यात बँकेची लबाडी नाही. व्याज त्या-त्या महिन्याच्या बाकीवर लागतं आणि बाकी सुरुवातीला सगळ्यात मोठी असते, इतकंच. पण यातूनच एक अजब गोष्ट निघते. परतफेड सुरू होतानाच जास्तीचे १० हजार एकरकमी भरले आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर सुमारे १६ हजार ७०० रुपये व्याज वाचतं. तेच १० हजार शेवटच्या वर्षाच्या तोंडावर भरले, तर वाचतात हजारेक रुपये. नोट तीच, बँक तीच, दर तोच. किंमत सोळापट वेगळी. पैशापेक्षा वेळेची किंमत किती मोठी असते, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. दर महिन्याला फक्त ५०० रुपये जादा भरत गेलं तरी कर्ज वर्षभर आधी संपतं आणि ३७ हजारांच्या आसपास वाचतात.

वेळ आणि व्याज यांच्या या नात्याने मोठमोठ्यांना वेड लावलं आहे. १६८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गणिती याकोब बर्नुलीने विचारलं: वर्षाला १०० टक्के दराने एक रुपया ठेवला तर वर्षअखेर दोन होतात, पण व्याज दर महिन्याला, दर दिवसाला, दर क्षणाला मुद्दलात मिळवत गेलो तर? महिन्याला मिळवलं तर २.६१ होतात, रोज मिळवलं तर २.७१, आणि कितीही घाई केली तरी २.७१८च्या आसपास गाडी अडते. गणितातल्या सगळ्यात प्रसिद्ध संख्यांपैकी एक अशी सावकारीच्या हिशेबातून हाती लागली. आज किरणोत्सर्गापासून लोकसंख्येच्या वाढीपर्यंत सगळीकडे ती भेटते.

घरगुती वापरासाठी त्याहून सोपं हत्यार आहे. १४९४ मध्ये इटलीच्या लुका पाचोलीच्या पुस्तकात ते छापून आलं: ७२ला व्याजदराने भागा, रक्कम किती काळात दुप्पट होईल ते कळतं. १० टक्क्यांनी सात वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. पण खेड्यात ‘तीन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणतात तेव्हा ते तीन टक्के महिन्याचे असतात. ७२ भागिले ३ म्हणजे २४. काही न भरता व्याजावर व्याज चढू दिलं, तर दोन वर्षांत दुप्पट.

आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्राने या दुपटीलाच वेसण घातली होती. दामदुपटीचा नियम सांगतो की एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये. मनुस्मृतीत असलेला हा नियम इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही पाळला, आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायला सावकाराला मनाई आहे. बेकायदेशीर सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बँकांना मात्र हा कायदा लागू नाही.

मोबाईलवरच्या झटपट कर्जाचा हिशेबही असाच उलगडून पाहावा. समजा ५,००० मंजूर झाले, ‘प्रक्रिया शुल्क’ कापून हातात आले ४,२५० आणि पंधरा दिवसांनी भरायचे ५,०००. वरवर पाहता साडेसातशेच गेले. वर्षाच्या दराने तो आकडा ४२० टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्याला सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी आधी सांगणं बंधनकारक केलं आहे. ती न सांगणाऱ्याकडून पैसे घेऊच नयेत.

मग फेडायचं काय आधी? ज्याचा दर सर्वांत जास्त, ते. पण त्याआधी एक पायरी आहे, आणि ती गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला शिकवायला नको. इथे पाऊस कमी पडतो असं नाही. तो वेळेवर पडेलच याची खात्री नसते. रोवणी झाल्यावर पंधरा दिवस ओढ दिली की बांधी भेगाळते. म्हणून कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी गावोगाव तलाव बांधले. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. तलाव पाऊस वाढवत नाही, फक्त पडलेला पाऊस हव्या त्या आठवड्यापर्यंत थांबवून धरतो. तरुणाच्या कमाईचंही तसंच आहे. धान खरेदी केंद्रावर दिलं तरी चुकारे लांबतात, कंत्राटी पगार अडकतो, भरतीचा निकाल पुढे जातो; हप्त्याची तारीख मात्र हलत नाही. दोन-तीन हप्त्यांएवढी रक्कम बचत खात्यात जेमतेम व्याजावर ठेवणं, तेही दहा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना, वेडेपणाचं दिसतं. पण तीच रक्कम अडचणीच्या महिन्यात महिन्याच्या तीन टक्क्यांचं कर्ज टाळते, आणि तिथे तिचा खरा परतावा मिळतो.

नोकरीच लागली नाही तर? २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार विद्यावेतन ठरलं. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या हातात त्यातून हप्ता जाऊन उरतात २,८६४ रुपये. नागपुरात त्यात खोलीचं भाडंही निघणं कठीण. ही वेळ येऊ शकते हे बँकांनाही ठाऊक आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतच तरतूद आहे की बेरोजगारी किंवा अपुऱ्या कमाईच्या काळात, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, हप्त्यांना काही महिन्यांची स्थगिती देता येते. व्याज चालू राहतं, पण खातं थकीत होत नाही. शिवाय शिक्षण चालू असताना कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या व्याज सवलतीच्या योजना आहेत. २०२४ अखेर आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांना ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. ठरावीक संस्था आणि अटी आहेतच, पण विचारल्याशिवाय यातलं काहीच आपणहून दारात येत नाही.

विचारायलाही वेळ असते. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं, पतगुण घसरतो आणि पुढचं कर्ज महाग होतं किंवा मिळतच नाही. नोकरी कोणत्या महिन्यात लागेल हे कुणाच्या हातात नाही, पण बँकेत कोणत्या महिन्यात जायचं हे आहे. पहिला हप्ता हुकणार असं दिसताच शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि त्याच फेरीत परतफेडीचा तो तक्ताही मागून घ्यावा.