मिलिंग मशीन सी. एन. सी. करताना : डी. सी. पुरवठ्याचा प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपासच्या गल्ल्यांत लहान कारखाने पुष्कळ आहेत. हाताने चाक फिरवून चालणारे जुने मिलिंग मशीन विकण्यापेक्षा त्यालाच मोटारी बसवून संगणकाच्या आज्ञेत आणावे, असा विचार करणारे कारखानदारही आता बरेच भेटतात. विचार उत्तम आहे. परंतु आमचा अनुभव असा, की मंडळी मोटारी आणि स्क्रू यांवर महिनोन्‌महिने खल करतात आणि या मोटारींना वीज पुरविणारा डबा मात्र शेवटच्या दिवशी, दुकानात जो मिळेल तो, उचलून आणतात.

आमचा एक जुना विद्यार्थी असाच आमच्याकडे आला. त्याने मेजावर बसणाऱ्या लहान मिलिंग मशीनला तीन स्टेपर मोटारी लावल्या होत्या. सावकाश चालविले की काम चोख होई. फीड वाढविला की मोटार मध्येच घुरघुरे, पावले चुकवी आणि छिद्र दीड मिलिमीटर बाजूला पडे. गिऱ्हाइकाचे तयार होत आलेले अकरा जॉब भंगारात गेले होते आणि उरलेले शनिवारपर्यंत द्यायचे होते. तो म्हणाला, “सर, मोटारीच्या पाटीवर तीन व्होल्ट लिहिले आहेत. मी बारा व्होल्ट दिले, म्हणजे चौपट. अजून किती देऊ?”

सारा घोटाळा या प्रश्नातच आहे. पाटीवरचे तीन व्होल्ट म्हणजे उभ्या मोटारीच्या तारेतून पूर्ण प्रवाह वाहण्यास लागणारा दाब. त्याच्या मोटारीचा प्रवाह ३ अँपिअर, तारेचा रोध १ ओहम. गुणाकार ३ व्होल्ट. पण मोटार फिरू लागली की प्रत्येक पावलाला वेटोळ्यातील प्रवाह नव्याने उभा करावा लागतो, आणि वेटोळे आपल्या इंडक्टन्समुळे त्याला विरोध करते. भरलेली बैलगाडी जागची हलविताना लागतो तसा जोर येथे लागतो, आणि तोही सेकंदातून हजारो वेळा. मोटारीच्या एका फेरीत २०० पावले. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २००० पावले. एका पावलास अर्धा मिलिसेकंद. इंडक्टन्स २ मिलिहेन्री असेल, तर ३ व्होल्टांवर तेवढ्या वेळात प्रवाह जेमतेम पाऊण अँपिअरच्या आत राहतो. ४० व्होल्ट दिले, तर पूर्ण ३ अँपिअर सुमारे ०.१५ मिलिसेकंदात येतात. मग मोटार जळत कशी नाही? कारण मधला ड्रायव्हर ठरलेला प्रवाह होताच दाब तोडतो, कमी होताच पुन्हा जोडतो. दाब वेगासाठी, प्रवाह जोरासाठी, हे एकदा ध्यानी आले की निम्मे काम झाले.

दाब किती असावा यासाठी गेकोड्राइव्ह या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केलेला आडाखा सोपा आहे : इंडक्टन्सचे मिलिहेन्रीतील वर्गमूळ काढून त्यास ३२ ने गुणावे. २ चे वर्गमूळ १.४१, गुणाकार ४५ व्होल्ट. ही कमाल मर्यादा समजावी. तिच्या पलीकडे मोटार नुसती तापते. दुसरी मर्यादा ड्रायव्हरची. आमच्या विद्यार्थ्याचा ड्रायव्हर ५० व्होल्टांचा होता, आणि ड्रायव्हरची मर्यादा ओलांडली की क्षमा नाही.

प्रवाहाचा हिशेब करताना लोक तीन मोटारींचे तीन-तीन मिळून नऊ अँपिअर धरतात. इतके लागत नाहीत. दोन-तृतीयांश, म्हणजे सहा, पुरेसे. उभी मोटार तर पुरवठ्यातून पाव अँपिअरच्या आसपासच घेते. बाकीचा प्रवाह ड्रायव्हर वेटोळ्यातच फिरवीत ठेवतो.

आता डबा कोणता? तयार स्विचिंग पुरवठा हलका, स्वस्त आणि बांधाबांधीची कटकट नसलेला. पण टेबल वेगात असताना एकदम थांबविले की मोटार क्षणभर जनित्र बनते आणि वीज उलट पाठविते. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असा साधा पुरवठा ती वीज पोटात घेतो. स्विचिंग पुरवठ्यात दाब उसळतो. कधी पुरवठा बंद पडतो, कधी ड्रायव्हर जातो. म्हणून ५० व्होल्टांच्या ड्रायव्हरला ४८ चा डबा जोडून वर त्याचा स्क्रू पिळणे हे धाडस आम्हांस पसंत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअरचा चांगला डबा घ्यावा. ज्याला २३० व्होल्टांच्या तारांची सवय नाही त्याने तर हाच घ्यावा.

आमच्या विद्यार्थ्याला सवय होती, म्हणून आम्ही साधा पुरवठा बांधविला. ट्रान्सफॉर्मर २८ व्होल्ट, ३०० व्ही. ए. अठ्ठावीसला १.४१ ने गुणून रेक्टिफायरचे दोन वजा केले की भारावर साडेसदतीस व्होल्ट मिळतात. पंचेचाळीस का नाही, असे त्याने विचारले. रात्री शेजारचे कारखाने बंद झाले की लाइनचा दाब २५० वर चढतो, आणि बिनभाराचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच थोडा जास्त देतो. दोन्ही मिळून हेच साडेसदतीस पंचेचाळिसाला टेकतात. कपॅसिटरसाठी परदेशी पुस्तकातील आकडा उतरू नये. अमेरिकेत वीज ६० सायकलची, आपली ५०. आपल्याला पाचवा हिस्सा अधिक लागतो. आपल्या दोन लाटांत सेकंदाचा शंभरावा भाग जातो. तेवढ्या वेळात सहा अँपिअर देऊन दाब दहा टक्क्यांहून अधिक पडू नये, तर सुमारे १६,००० मायक्रोफॅरड हवेत. आम्ही १०,००० चे दोन, ६३ व्होल्टांचे, लावले.

त्यांच्या टोकांवर २२०० ओहम, ५ वॅटचा रोधक अवश्य असावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो. हा रोधक दोन-सव्वादोन मिनिटांत दाब दोन व्होल्टांवर आणतो. त्याच कारणाने धोक्याचे लाल बटण केवळ मुख्य वीज तोडणारे असून भागत नाही. त्याने ड्रायव्हरलाही थांबविले पाहिजे, नाहीतर कपॅसिटरच्या शिलकीवर टेबल आणखी थोडे सरकते, आणि बोट तेथेच असते. कपॅसिटर व ड्रायव्हर यांच्या मध्ये स्विच घालू नये. चालू ड्रायव्हरपासून मोटारीची तार काढू नये. प्रत्येक ड्रायव्हरला कपॅसिटरपासून स्वतंत्र जोडी न्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या धक्क्यासाठी फ्यूज सावकाश वितळणारा, ३ अँपिअरचा. मशीनच्या बिडाला अर्थिंग, हे सांगावयास नकोच. तरी सांगतो, कारण या मशीनला ते नव्हते.

शुक्रवारी रात्री उशिरा त्याने तोच जॉब पूर्ण फीडवर चालविला. आम्ही डायल लावून पाहिले; काटा शून्यावर परत आला. उरलेले जॉब शनिवारी दुपारी गेले. त्या अकरांची भरपाई मात्र गिऱ्हाइकाने त्याच्या बिलातून कापून घेतली.